देवाचं घर, कुणाच्या जमिनीवर? जालन्याजवळच्या बेथेलची गोष्ट

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

सुरुवात या 'मंडळी' शब्दापासूनच करतो. आपल्याला हा शब्द सभेत भेटतो, लग्नघरात भेटतो. मराठी ख्रिस्ती घरांत त्याला आणखी एक पक्का अर्थ आहे. 'आमची मंडळी' म्हणजे आमचं चर्च. इमारत नव्हे, माणसं. त्या माणसांना सांभाळतो तो पाळक, आणि मंडळीचा कारभार बघणारे जे चारदोन जाणते लोक असतात ते 'वडील'. आजचं सगळं व्याख्यान या 'वडील' शब्दाभोवती फिरणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

ग्रीक भाषेत वडीलधाऱ्या माणसाला 'प्रेस्बुतेरॉस' म्हणतात. त्यावरून प्रेसबिटेरियन. म्हणजे वडिलांच्या कारभाराचं चर्च. यात बिशप नाही. मंडळी आपले वडील निवडते, पाळक आणि वडील मिळून 'सेशन' बसतं, अनेक मंडळ्यांची मिळून 'प्रेसबिटरी', त्याच्यावर सिनड आणि सगळ्यात वर जनरल असेंब्ली. आपल्याकडच्या माणसाला हे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद असं वाटेल, आणि ते अगदीच चुकीचं नाही. स्कॉटलंड हा या पद्धतीचा बालेकिल्ला. मुंबई इलाख्यात हे स्कॉटिश मिशनरी 1823 पासून आले. आधी कोकणात, बाणकोट आणि हर्णैला. मग 1829 मध्ये जॉन विल्सन आले, तेही हर्णैला मराठी शिकले आणि मुंबईला गेले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हे.

पण आज मला मुंबईत थांबायचं नाही. मला जायचंय जालन्याला.

जालना म्हणजे आज बियाणं आणि पोलाद. तेव्हा निजामाच्या राज्यातलं, कुंडलिका नदीकाठचं बाजाराचं गाव. स्कॉटिश लोकांची या मुलखाशी पहिली ओळख फार वेगळ्या तऱ्हेने झाली होती. 23 सप्टेंबर 1803 ला असईची लढाई झाली. असई आज जालना जिल्ह्यातच आहे. शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेसमोर वेलस्लीच्या बाजूने ज्या गोऱ्या पलटणी उभ्या होत्या, त्यांत 74 आणि 78 क्रमांकाच्या हायलँडर पलटणी होत्या. म्हणजे स्कॉटलंडचे लोक इथे आधी बंदुका घेऊन आले, बायबल नंतर. पुढे 1827 मध्ये जालन्याला हैदराबाद कंटिंजंटची छावणी बसली. छावणीच्या हद्दीत इंग्रजांची शिस्त, हद्दीबाहेर निजामाचा अंमल. ही हद्द आपल्या गोष्टीत महत्त्वाची आहे.

आता थोडं मागे जाऊ. साल 1843. या एका सालात दोन घटना घडल्या, एक एडिंबरोत आणि एक मुंबईत. जालन्याचं बेथेल या दोन्हींच्या पोटी जन्मलं असं माझं म्हणणं आहे.

एडिंबरोत झालं असं. स्कॉटलंडमध्ये मंडळीचा पाळक कोण असावा हे बऱ्याच ठिकाणी गावचा जमीनदार ठरवायचा. त्याचा तो वडिलोपार्जित हक्क. लोकांना नको असलेला पाळकही तो मंडळीच्या माथी मारू शकत होता. यावरून दहा वर्षं भांडण चाललं. शेवटी 18 मे 1843 ला जनरल असेंब्लीतून लोक उठून बाहेर पडले. एकूण 474 पाळकांनी सरकारमान्य चर्च सोडलं. पगार सोडला, राहती घरं सोडली, देवळं सोडली. त्यांनी स्वतःला 'फ्री चर्च' म्हणवलं. मग जमीनदारांनी सूड उगवला. अनेकांनी नव्या चर्चसाठी हातभर जागा द्यायला नकार दिला. काही मंडळ्या उघड्यावर, समुद्रकाठी उपासना करू लागल्या. स्ट्राँशियन नावाच्या गावी तर लोकांनी शेवटी लोखंडी तराफ्यावर तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि ते खाडीत नांगरून ठेवलं, कारण जमीन जमीनदाराची, पाणी त्याचं नव्हतं! हसू येतं, पण जागा नसणं म्हणजे काय हे या चर्चला जन्मापासून ठाऊक होतं, एवढंच मला सांगायचंय. मुंबईचे विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले. त्यामुळे एवढ्या खटपटीने उभारलेली शाळेची नवी इमारत त्यांनाही सोडावी लागली.

आणि मुंबईतली घटना? त्यांच्याच शाळेत शिकणारा नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण. सप्टेंबर 1843 मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहायला आला. वय बारा वर्षांच्या आसपास. वडिलांनी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. न्यायमूर्ती पेरी यांनी निकाल दिला की एवढ्या लहान मुलाला स्वतःचा निर्णय करता येत नाही, मुलगा बापाच्या ताब्यात द्या.

कोर्टाचं काम तिथे संपलं, आणि खरा प्रश्न तिथे सुरू झाला. मुलगा मिशनरींच्या घरी राहिला होता, जेवला होता. त्याला परत घरात घ्यायचं कसं? प्रायश्चित्त देऊन घ्यावं, असं म्हणणाऱ्यांत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर होते. सनातनी पक्ष म्हणाला, हे पाप धुतलंच जात नाही. बाळशास्त्रींना स्वतःच्या जातीचा रोष सोसावा लागला. आपण शाळेत हे प्रकरण बाळशास्त्रींच्या पुरोगामीपणाचं उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते बरोबरही आहे. पण एकदा त्या पोराच्या बाजूने बघा. कोर्ट म्हणतं घरी जा, आणि घर म्हणतं पंगतीला बसू नकोस. धर्म कोणता खरा हा वाद मोठ्यांचा. बारा वर्षांच्या मुलासमोरचा प्रश्न होता, रात्री जेवायचं कुठे आणि कुणाच्या शेजारी.

मोठा भाऊ, नारायण, हे सगळं बघत होता. त्याने ते कधी विसरलं असेल असं मला वाटत नाही.

पुढे नारायणराव मिशनच्या शाळेत शिकवू लागले, 1850 च्या दशकात त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 1860 च्या दशकाच्या सुरुवातीला ते जालन्याला गेले. एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. ब्रिटिश मुलखात 1850 चा एकविसावा कायदा लागू होता. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असं तो कायदा म्हणत होता. निजामाच्या राज्यात तो चालत नव्हता. मुंबईत मिशनरींच्या पाठीशी कायदा होता, वर्तमानपत्रं होती, ओळखीचे साहेब होते. जालन्यात छावणीची हद्द ओलांडली की यातलं काहीच नाही. तिथे एक मराठी ब्राह्मण पाद्री धर्म सांगत गावोगाव फिरतोय. त्याच्या स्वतःच्या जातीने त्याला टाकलेलं, आणि जे ऐकायला येतात त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलेलं.

कारण जालन्याच्या मंडळीत आले ते प्रामुख्याने मांग समाजाचे लोक. आज आपण मातंग म्हणतो. नगरकडे अमेरिकन मराठी मिशनमध्ये महार समाजाचे लोक जास्त गेले, जालन्याकडे मांग. गावगाड्यात या समाजाची कामं ठरलेली. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, लग्नात आणि देवाच्या पालखीपुढे हलगी वाजवायची, बायकांनी सुईणपण करायचं. त्याच्या बदल्यात बलुतं. आता विचार करा, यातलं एक घर ख्रिस्ती झालं. ते रविवारी काम करणार नाही, देवापुढे हलगी वाजवणार नाही. गाव म्हणणार, मग बलुतं कशाचं? आणि राहती झोपडी? तीही गावच्याच जागेत. ब्राह्मणाने धर्म सोडला तर त्याला पंगत बंद होते. मांगाने सोडला तर पंगत आधीपासूनच बंद होती, त्याचं जातं ते पोट आणि छप्पर.

इथे मला मुक्ता साळवे आठवतात. जोतीराव फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेतली विद्यार्थिनी, मांग समाजातली. 1855 मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्ञानोदय हे मिशनचंच पत्र. त्या निबंधात ती सांगते की आमच्या लोकांना जमिनीवरून हुसकलं आणि तिथे मोठमोठे वाडे बांधले. एवढंच नव्हे, त्या वाड्यांच्या पायात आमची माणसं पुरली. शाळकरी मुलीने लिहिलेलं हे, जालन्याचं काम सुरू व्हायच्या काही वर्षं आधी. वाडा कुणाचा, आणि पाया कुणाचा, हा प्रश्न तिने मांडून ठेवला होता.

तर नारायणरावांनी ओळखलं की नुसता उपदेश पुरणार नाही. जागा पाहिजे. ती त्यांनी मागितली थेट हैदराबादच्या दिवाणाकडे, पहिल्या सालारजंगांकडे. आणि सालारजंगांनी दिली! जालन्यापासून थोड्या अंतरावर. तिथे ख्रिस्ती लोकांचं गाव वसलं आणि त्याचं नाव ठेवलं बेथेल.

एका मुसलमान संस्थानाच्या दिवाणाने ब्राह्मणाच्या विनंतीवरून मांगांना ख्रिस्ती गाव वसवायला जमीन द्यावी, हे ऐकल्यावर आपण लगेच 'वा, काय तो सलोखा' म्हणतो. असेलही सलोखा. पण सालारजंग हे कसलेले मुत्सद्दी होते. 1865 मध्ये त्यांनी जिल्हाबंदी केली, म्हणजे राज्याचे जिल्हे पाडून महसुलाची घडी नीट बसवली. त्याआधी महसूल वसुलीत मक्तेदारांचा सुळसुळाट होता. अशा दिवाणाला जमीन वहिवाटीला आलेली हवी असते. कुणीतरी मेहनती माणसं आणून वसवतोय, त्याच्या शब्दाला वजन आहे, शिवाय इंग्रज रेसिडेंटही खूश राहील. माझा आपला तर्क आहे, की त्यांनी हा हिशोब केलेला असणार. आणि त्यात कमीपणा काही नाही.

'बेथेल' हे नाव बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकातलं. याकोब घरातून पळालेला असतो, भावाच्या भीतीने. उघड्या रानात धोंडा उशाला घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला शिडी दिसते, देव बोलतो. सकाळी तो त्या जागेला बेथेल म्हणतो. हिब्रूत 'बेथ' म्हणजे घर, 'एल' म्हणजे देव. देवाचं घर. आता हे नाव कुणी ठेवलं बघा. ज्याच्या धाकट्या भावाला कोर्टाने घरी पाठवलं आणि घराने आत घेतलं नाही, त्या माणसाने. आणि वसायला आले कोण? ज्यांना गावाच्या आत घर कधीच नव्हतं, ते. बायबलमधलं नाव ठेवणं ही त्या काळी मिशनऱ्यांची रीतच होती, हे मला मान्य आहे. तरी हेच नाव निवडलं गेलं, हे मला साधं वाटत नाही.

मंडळीत सगळ्यात मोठी गोष्ट घडत होती ती प्रभुभोजनाच्या वेळी. भाकर आणि द्राक्षारस. स्कॉटिश प्रेसबिटेरियन लोकांची यातली जुनी रीत विशेष आहे. ते वेदीपुढे गुडघे टेकत नाहीत. मेजाभोवती बसून जेवतात, आणि एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात भाकर जाते, पेला जातो. म्हणजे ही चक्क पंगतच झाली की! श्रीपतसाठी जी पंगत अडली, तीच इथे धर्माचा गाभा होऊन बसली. ब्राह्मण जन्माच्या पाळकाने भाकर मोडायची आणि मांगाच्या हाती द्यायची. 1860 च्या दशकातला मराठवाडा डोळ्यांसमोर आणा. मांगाची सावलीही नको असणारा तो काळ. मुंबईत प्रार्थना समाज निघाला 1867 मध्ये, आणि सहभोजनाच्या चर्चा आपल्या सुधारकांत त्यानंतरही कितीतरी वर्षं चर्चाच राहिल्या. इथे छावणीपलीकडच्या रानात ते होऊन गेलं होतं. इतिहासाच्या पुस्तकात त्याला ओळही नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. ही सांगितली नाही तर मी मिशनचा अहवाल वाचून दाखवल्यासारखं होईल.

मघाशी म्हटलं, फ्री चर्च जन्मलं ते जमीनदाराच्या हक्काविरुद्धच्या भांडणातून. पाळक कोण हे जमीन ज्याची आहे त्याने ठरवायचं नाही, मंडळीने ठरवायचं. बेथेलमध्ये काय झालं? जमीन मिळवली पाळकाने. वसवलं कुणाला, त्यात पाळकाचा शब्द. शाळा पाळकाची, पैसा आला तो स्कॉटलंड-अमेरिकेतल्या देणगीदारांकडून, पाळकाच्या ओळखीने. म्हणजे जो पाळक तोच आता जमीनदार! अशा गावात पाळकाच्या मताविरुद्ध हात वर करणारा 'वडील' किती दिवस टिकेल? ज्याचं घर, शेत आणि पोरांची शाळा एकाच माणसाच्या मर्जीवर आहे, त्याचं मत मोकळं कसं राहणार? स्कॉटलंडमध्ये 474 पाळकांनी ज्या गोष्टीसाठी घरं सोडली, तीच अडचण इथे मागच्या दाराने आत आली.

यात नारायणरावांचा काही लोभ होता असं मी म्हणत नाही. दुसरा मार्ग तरी काय होता? जमिनीशिवाय मंडळी उपाशी मेली असती. आणि जमीन मागायला दिवाणासमोर उभा राहू शकेल, इंग्रजी बोलेल, कागद समजेल असा माणूस त्या मंडळीत त्या घडीला एकच होता, आणि तो ब्राह्मण होता. शिक्षण कुणाला मिळालं होतं आणि कुणाला नाही, या जुन्या हिशोबाचं हे फळ. जात पंगतीतून गेली आणि कागदातून परत आली. मिशनरी इतिहासकार नारायणरावांना संत करून ठेवतात, आणि त्यांच्याकडे संशयाने बघणारे त्यांना परक्यांचा हस्तक म्हणतात. दोघांनाही त्या गावातल्या वडिलांशी काही देणंघेणं नाही.

नारायणरावांची कीर्ती मात्र दूरवर गेली. ऑक्टोबर 1873 मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची मोठी परिषद भरली. जगभरचे प्रॉटेस्टंट पुढारी आले होते. तिथे नारायणराव बोलायला उभे राहिले, डोक्याला पगडी. धर्म बदलला, वेश बदलला नव्हता. लोकांना फार कौतुक वाटलं. विवेकानंद शिकागोला गेले 1893 मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी डोक्याला पगडी बांधलेला एक मराठी माणूस अमेरिकेत फर्डं इंग्रजी बोलून टाळ्या घेत होता, हे आपल्याला माहीत नसतं. या दौऱ्यांतून मदत मिळायची, आणि ती बेथेलला लागतच होती. पण गावाचा कर्ता माणूस महिनोन्‌महिने परदेशी, अशी ती स्थिती. 1891 मध्ये अशाच एका परदेश दौऱ्यात, समुद्रप्रवासात त्यांचा मृत्यू झाला. देवाचं घर बांधणाऱ्याला त्या गावाची माती मिळाली नाही.

त्यानंतरचं भराभर सांगतो. 1899-1900 चा मोठा दुष्काळ आला. त्याच सुमारास मनमाडवरून जालन्याला रेल्वे आली, व्यापार वाढला. 1903 मध्ये छावणीतलं सैन्य गेलं. तिकडे स्कॉटलंडमध्ये फ्री चर्चचा मोठा भाग 1900 मध्ये दुसऱ्या एका प्रेसबिटेरियन चर्चमध्ये मिसळला, आणि 1929 मध्ये त्यांतले बहुतेक जण जुन्या सरकारमान्य चर्चशी पुन्हा एक झाले. 1843 चं भांडण मिटायला 86 वर्षं लागली. इकडे 1904 मध्ये प्रेसबिटेरियन चर्च इन इंडिया झालं, 1924 मध्ये त्याचं युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, आणि 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात बिशप आले. वडिलांच्या चर्चला शेवटी बिशप मिळाला, असंही म्हणता येईल.

या सगळ्या नावांच्या बदलात बेथेलच्या लोकांसाठी जास्त महत्त्वाचा ठरला तो आणखी एक कागद. 1950 चा अनुसूचित जातींचा आदेश. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार हिंदू असेल त्यालाच अनुसूचित जातीचा दर्जा. पुढे त्यात शीख आले, बौद्ध आले, ख्रिस्ती नाही. म्हणजे मातंग कुटुंबातला एक भाऊ हिंदू असेल तर त्याला सवलत, दुसरा ख्रिस्ती असेल तर नाही. शाळेच्या दाखल्यावर काय लिहायचं, हा प्रश्न मराठवाड्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत आजही जेवताना निघतो. रविवारी मंडळीत एक नाव आणि तहसीलमध्ये दुसरं, असं जगणं काहींच्या वाट्याला आलं. त्यांना दुटप्पी म्हणणं सोपं आहे. मला मात्र पुन्हा श्रीपत आठवतो. कोर्ट एक म्हणतं, घर दुसरं म्हणतं, आणि मधे उभ्या असलेल्या माणसाला कुठेतरी जेवायचं असतं.

आता एक विनंती, आणि मग प्रश्न घेऊ. बेथेलची बरीचशी माहिती आपल्याला मिळते ती मिशनच्या अहवालांतून, आणि ते अहवाल लिहिले होते स्कॉटलंडच्या देणगीदारांसाठी. त्यात किती बाप्तिस्मे झाले हे असतं. वडिलांच्या बैठकीत कोण काय बोललं हे क्वचित असतं. तुमच्यापैकी कुणाची आजी-पणजी जालना भागातल्या मंडळीतली असेल, तर घरातलं जुनं बायबल काढून त्याची पहिली कोरी पानं बघा. जन्म, लग्न, मरण लोक तिथेच लिहून ठेवत. जमिनीची एखादी पावती, शाळेचा दाखला, मोडी असली तरी चालेल, आम्ही वाचून देऊ. मूळ कागद आम्हाला नको. फोटो काढून पाठवा आणि कागद आपल्याच घरी ठेवा.

हं, तिकडे उजवीकडे हात वर आहे. बोला, ताई.